चोरीला गेलेला आवाज

१

बुरोंडीच्या शूटिंगवरून चोरीला काय गेलं, तर आवाज. चोराने कॅमेऱ्यांना हात लावला नाही, महागडी भिंगं जागच्या जागी राहू दिली, चित्रीकरण साठवलेल्या डिस्क तशाच ठेवल्या आणि नखाएवढं एक कार्ड तेवढं उचललं. त्या कार्डावर चित्र नव्हतंच. होता तो एका प्रसंगाचा आवाज, आणि प्रसंगही असा, की ज्याला चावटपणा करायचा असता त्याने चित्र पळवलं असतं. नुसता आवाज नेऊन कोण काय करणार?

हे कोडं डोक्यात घेऊन मथुरा पालशेतकर धोपाव्याहून फेरीबोटीत बसल्या. पोलीस खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झाल्यावर त्या गुहागरला सुपारीची बाग सांभाळत होत्या. दिग्दर्शक सुजय आगटेची ओळख रत्नागिरीच्या फिल्म सोसायटीतली. त्याचा आधीचा सिनेमा दाखवला तेव्हा मथुराबाईंनी दोन प्रश्न विचारले होते आणि त्याने त्यांना ‘जाणकार प्रेक्षक’ म्हणून गौरवलं होतं. आता त्याचा फोन आला होता. चोरी झाली आहे, पण तक्रार नोंदवायची नाही, बोभाटा नको, तुम्ही येऊन फक्त बघा. ज्याचं काही चोरीला गेलंय आणि तरी पोलीस नकोत, अशा माणसांचा मथुराबाईंना भरपूर अनुभव होता. त्यातली निम्मी माणसं चोराला ओळखत असायची.

धोंडू चोगल्यांचं घर शूटिंगसाठी भाड्याने घेतलं होतं. समुद्राकडे तोंड, पुढे ओटी, आत माजघर, आणि माजघराला लागून तो प्रसंग चित्रित झाला ती खोली. सुजय अंगणात खुर्ची टाकून बसला होता. त्याने आधी सिनेमा समजावून सांगितला. खलाशाची बायको, बोटीवरून खूप दिवसांनी परतलेला नवरा, आणि परक्या झालेल्या दोन देहांचं पुन्हा ओळखीचं होणं. मग तो देहाच्या सत्यावर घसरला. आपल्याकडे प्रेम म्हणजे बागेतलं गाणं, माणसं कपड्यांसकट लग्न करतात आणि कपड्यांसकटच मरतात, त्याला हे खोटं मोडून काढायचं होतं. बोलताना तो स्वतःच्याच शब्दांवर इतका खूश होता की मथुराबाईंना चहा कडू लागला.

उघड्या अंगाचं त्यांना वावडं नव्हतं. सोसायटीत त्यांनी पुष्कळ सिनेमे पाहिले होते. एकदा एक म्हातारा आपल्या म्हातारीची उघडी पाठ चोळून देतो, एवढंच दाखवलेलं बघून त्या घरी येऊन रडल्या होत्या. त्यामुळे सुजयचं म्हणणं चूक नव्हतं. ते म्हणणारं तोंड मात्र त्यांना आवडलं नाही.

“चोर कोण ते मला माहीत आहे,” सुजय म्हणाला. “दर्शना, खलाशाच्या बायकोचं काम करणारी. प्रसंग दिला, आणि मग घाबरली. नवरा बोटीवरून परत यायचाय ना. चित्र कुलपात असतं, आवाजाकडे कोण बघतं? आवाज नाही म्हणजे प्रसंगही जाईल, असा तिचा हिशेब.”

त्या आवाजात होतं काय, असं मथुराबाईंनी विचारलं. त्याने खांदे उडवले. संकलनाला बसेपर्यंत आपण आवाज ऐकतच नाही, ही आपली पद्धतच आहे, तेव्हा त्यात काय होतं ते आपल्याला माहीत नाही, असं त्याने सांगितलं.

२

दर्शना वरवडेकर मागच्या पडवीत बसली होती. रत्नागिरीला बालवाडीत शिकवणारी, राज्य नाट्य स्पर्धेत दोनदा बक्षीस घेतलेली बाई. नवरा ओमकार खरोखरच बोटीवर होता. त्यामुळेच सुजयने तिला निवडलं होतं, आणि आपल्याला अभिनयातलं काहीतरी कळतंय म्हणून निवडलं, असं तिला वाटलं होतं. मथुराबाईंना पाहून ती उठली नाही. तिने आपली बॅग पायाने पुढे सरकवली.

“तपासा. त्यासाठीच बोलावलंय ना तुम्हाला?”

मथुराबाईंनी बॅगेला हात लावला नाही. त्या शेजारी बसल्या. मग दर्शनाने सांगितलं ते ऐकून त्यांच्या पायाखालची वाळू सरकली. सुजय तिच्याकडे दोन दिवस एक सही मागत होता. हा प्रसंग जसा आहे तसा दाखवायला माझी हरकत नाही, अशी सही. ती देत नव्हती. मग कार्ड गेलं, आणि काल त्याने सांगितलं की गुहागरच्या पोलीसबाई येणार आहेत. सही कर, नाहीतर चोरीत नाव जाईल आणि बालवाडीची नोकरीही.

म्हणजे आपण इथे तपासाला आलेलो नाही, आपल्याला धाक म्हणून आणलंय, हे मथुराबाईंच्या लक्षात आलं. इतक्या वर्षांच्या नोकरीत त्यांना पुष्कळांनी वापरायचा प्रयत्न केला होता, पण एवढं गोड बोलून कोणी केला नव्हता.

“सही का देत नाहीस?” त्यांनी विचारलं.

दर्शना लाजरी नव्हती. पाठ उघडी दिसेल, गौरव, म्हणजे नवऱ्याची भूमिका करणारा नट, तिला जवळ घेईल, दिवा मालवेल, हे सगळं तिने आधीच कबूल केलं होतं. ओमकारला फोनवर सांगितलंही होतं. तो आधी गप्प झाला, मग म्हणाला, तुझं काम तू जाणतेस. पण दिवा मालवला नाही. ठरलं होतं तिथे गौरव थांबला नाही. त्याने तिचे हात धरून ठेवले, आणि पुढे जे केलं ते कागदावर कुठेच नव्हतं. खोलीत कॅमेरा चालू होता आणि माणसं उभी होती.

“मी नको म्हटलं. एकदाच नाही. पडद्यावर कळणार नाही तुम्हाला, तिथे माझं तोंड त्याच्या खांद्याआड आहे. वर लाटा आणि सारंगी लावली की लोकांना वाटेल, काय सुंदर प्रेम आहे. मी नको म्हणते ते फक्त त्या कार्डात आहे.” तिने बॅग परत आपल्याकडे ओढली. “ते मी कशाला चोरीन?”

कोडं आता उलटं फिरलं होतं. दर्शनाचा एकुलता एक पुरावा गेला होता. त्याची धास्ती ज्याला होती त्यानेच तो नेला असणार.

३

गौरव ओटीवर झोपाळ्यात बसून नखं कापत होता. मुंबईचा, मालिकांतून ओळखीचा चेहरा. मथुराबाईंनी विचारायच्या आधीच त्याने स्वतःची बाजू मांडायला सुरुवात केली. आपण नट आहोत, दिग्दर्शक सांगेल ते करतो. दर्शनाला सगळं ठाऊक होतं असं आपल्याला सांगितलं गेलं. आपण तिला दुखवलं असेल तर वाईट वाटतं, पण तो प्रसंग खरोखरच फार छान झालाय.

“ती नको म्हणाली ते ऐकलंस?”

“प्रसंगातच आहे ना ते. म्हणजे मला वाटलं, ती अभिनय करतेय.” त्याने नेलकटर खिशात टाकलं. “चांगली नटी आहे हो ती.”

त्यानंतर काय केलं, ह्यावर तो मोकळेपणाने बोलला. सुजयला फार आनंद झाला होता. प्रसंग संपल्या संपल्या दोघेच गाडीत बसून दापोलीला गेले आणि बिर्याणी खाऊन संध्याकाळी परतले. सांगताना त्याला बिर्याणी खरंच आठवली असावी, कारण त्याने ओठांवरून जीभ फिरवली. मथुराबाई उठून अंगणाच्या कडेला गेल्या आणि थोडा वेळ समुद्राकडे तोंड करून उभ्या राहिल्या. त्यांनी खुनी माणसांबरोबर चहा घेतला होता. त्या माणसांना आपण काय केलं ते निदान माहीत असायचं.

सुजय त्यांच्यामागे आला. तपास कुठवर आला, दर्शनाने कबूल केलं का, ह्याची त्याला घाई झाली होती. मथुराबाईंनी उगाच काळजीचा सूर लावला. मूळ आवाज गेला म्हणजे तुमचं फार नुकसान झालं असेल, असं म्हणाल्या. कोणी आपली कीव केली की सुजय उदार होत असे.

“तसं फार नाही. तो आवाज धड नव्हताच,” तो म्हणाला. “शेवटी शेवटी मासेवाल्याचा भोंगा घुसलाय. पुण्याला जाऊन सगळं नव्याने करून घेईन. मला वाईट वाटतं ते विश्वासघाताचं.”

मथुराबाईंनी मान डोलावली आणि त्या मागीलदारी धोंडू चोगल्यांना शोधायला गेल्या. धोंडू जाळं सांधत बसले होते. त्या दिवशी मासेवाला किती वाजता आला, असं विचारल्यावर त्यांनी मान वर केली.

“वाजले किती ता नाय सांगता येनार. पन लय उशिरा इला बगा. पोरांची गाडी दापोलीक गेली ना, तेच्या फुडं. खिंडीत रस्ता अरुंद. ही गाडी समोरना आली, म्हनून तेनं मोटारसायकल पार मागं घेतलीन, गाडीला वाट दिलीन, नि मंग हिकडं आला. मला सांगलान ना रागानं. मंग भोंगा वाजवलान.”

भोंगा वाजला तेव्हा सुजय खिंडीपलीकडे होता. आणि गौरवही.

४

आता राहिली शमिका. आवाज मुद्रित करणारी ही मुलगी कोल्हापूरची, केस कापलेले, डोळ्यांखाली काळं. कार्ड तिच्या पेटीतून गेलं होतं, म्हणजे संशय तिच्यावरही होता. ती माजघरात वायरी गुंडाळत बसली होती. मथुराबाईंनी भोंग्याचं नाव न काढता तिला फक्त कामाची पद्धत विचारली.

शमिकाने जरा सुटल्यासारखं होऊन सांगितलं. प्रसंग संपला की ती त्या खोलीची शांतता मुद्रित करते. शांतता म्हणजे काहीच नसणं नव्हे. प्रत्येक खोलीची आपली शांतता असते, पंख्याची, कौलांची, बाहेरच्या माडांची. तुकडे जोडताना मधल्या फटी त्याच शांततेने भराव्या लागतात, नाहीतर कानाला खटकतं. त्यासाठी सगळ्यांनी बाहेर जायचं किंवा अजिबात हलायचं नाही.

“त्या दिवशी कोण होतं खोलीत?”

“मी आणि दर्शनाताई. बाकी सगळे चहाला गेले. ती उठेचना. गोधडी गुंडाळून बसली होती. मी तिला हलू नकोस म्हटलं.” शमिकाने गुंडाळलेली वायर पुन्हा उलगडली. “म्हणजे तेवढंच म्हटलं मी तिला.”

त्या शांततेत भोंगा आला होता. नंतर पुन्हा शांतता घ्यायला हवी होती, पण दर्शनाच्या रडण्याचा आवाज थांबेना, म्हणून शमिकाने यंत्र बंद केलं. हे तिने कोणाला सांगितलं होतं का? कोणालाच नाही. चहाला गेलेली माणसं खालच्या टपरीवर होती, आणि सुजयशी तर ती त्या दिवसापासून हो-नाहीपलीकडे बोलत नव्हती.

मथुराबाईंना हवं ते मिळालं होतं. इथे थांबता आलं असतं. पण एक प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देईना.

“हेडफोन तुझ्या कानाला होते. ती नको म्हणाली ते तू ऐकलंस?”

“सगळ्यांच्या आधी. इतर लोक लांब होते, माझ्या तर कानातच होतं ते.”

“मग?”

शमिकाने हातातली वायर खाली ठेवली. “सेटवर कट फक्त दिग्दर्शक म्हणतो. दुसऱ्या कोणी म्हणायचं नसतं. पहिल्या दिवशी हेच शिकवतात. कोणी म्हटलं तर त्याला परत काम नाही मिळत. खोलीत कॅमेऱ्यावरचे दोघं होते, सहायक होता, मी होते. आम्ही सगळे सुजयसरांकडे बघत होतो.”

एका बाईवर हात टाकला जातो आणि शहाणी, शिकलेली, सिनेमात स्त्रीच्या मनाविषयी बोलणारी चार माणसं एका शब्दाची वाट बघत उभी राहतात, कारण तो शब्द उच्चारण्याचा अधिकार त्यांच्याकडे नाही. मथुराबाईंना त्या मुलीची शिसारी आली, आणि ती लपवण्याचा त्यांनी प्रयत्नही केला नाही.

शमिकाने ते पाहिलं. मग ती अगदी हळू म्हणाली, “त्याच्या आधीचंही आहे त्या कार्डात. त्या प्रसंगाची सुरुवात कपड्यांत होती, त्यामुळे गौरवच्या शर्टाला छोटा माइक होता. तो लावलेलाच राहिला. सर त्याला ओटीवर बाजूला घेऊन गेले तेव्हा ते काय बोलले, तेही माझ्या कानात आलं.”

५

दुपारी मथुराबाईंनी ह्या चौघांना ओटीवर बोलावलं. सुजय खुर्चीत, गौरव झोपाळ्यावर, शमिका उंबऱ्याशी. दर्शना खांबाला टेकून उभी होती. धोंडूंना जायला सांगितलं नव्हतं, म्हणून तेही पायरीवर बसले.

मथुराबाईंनी फार लांबण लावली नाही. दर्शनाला कार्ड हवं होतं, ते जपून राहायला हवं होतं, तेव्हा ती चोर नाही. शमिकाला ते नाहीसं करायचं असतं तर त्याच दिवशी यंत्रातून पुसता आलं असतं, कोणाला पत्ता लागला नसता. कॅमेऱ्यावरच्या माणसांना आणि सहायकाला ते नेऊन काही मिळणार नव्हतं. राहिले दोघं, आणि दोघांनाही त्याची भीती होती. आता कार्डाच्या अगदी शेवटी एक भोंगा आहे. तो वाजला तेव्हा घरात दर्शना होती, शमिका होती, मागीलदारी धोंडू होते. सुजय आणि गौरव गाडीत होते. मासेवाल्याने खिंडीत त्यांना वाट दिली आणि त्यानंतर इथे येऊन भोंगा वाजवला. तेव्हा तो भोंगा त्या कार्डात आहे हे ह्या दोघांपैकी ज्याला माहीत आहे, त्याने ते कार्ड ऐकलंय.

“सकाळी तुम्ही मला सांगितलंत की तुम्ही काहीच ऐकलेलं नाही,” त्या सुजयला म्हणाल्या. “आणि जरा वेळाने तुम्हीच मला भोंग्याचं सांगितलंत.”

गौरव झोपाळ्यावरून उठून भिंतीशी गेला, सुजयपासून जितकं लांब जाता येईल तितकं. सुजय मात्र हसला. त्याला पकडलं गेल्याची लाज वाटली नाही, गंमत वाटली.

“बरं, ऐकलं,” तो म्हणाला. “सिनेमा माझा, कार्ड माझं. माझी वस्तू मी टाकून दिली तर ती चोरी कशी? ते आता बुरोंडीच्या समुद्रात आहे. काढा.”

मग त्याला थांबवेना. त्याने सगळं सांगितलं, आणि ते सांगताना तो सोसायटीतल्या व्याख्यानासारखा रंगात आला. दर्शना नाटकातली बाई. तिला सांगून केलं असतं तर तिने रडण्याचा उत्तम अभिनय केला असता, स्पर्धेत बक्षीस मिळावं असा. त्याला अभिनय नको होता. त्याला खरी बाई हवी होती, खरं दचकणं, खरे डोळे. मोठ्या कामाला थोडी फसवणूक लागते. उद्या जगातल्या पडद्यांवर हे दिसेल तेव्हा ह्याच दर्शनाचं नाव होईल आणि ती आपले आभार मानेल. दोन माणसं परस्परांच्या संमतीने जवळ आली की ते प्रेम असतं, पण सिनेमा नसतो.

धोंडू पायरीवरून उठले, अंगणात जाऊन थुंकले आणि परत येऊन बसले.

मथुराबाईंना त्या म्हाताऱ्या-म्हातारीची पाठ आठवली आणि तो सिनेमाही कोणीतरी असाच केला असेल का, ही शंका मनात आली. ती शंका आपल्या मनात घातल्याबद्दल त्यांना सुजयची सगळ्यात जास्त घाण वाटली. पण तो म्हणत होता त्यात एक गोष्ट खरी होती. कार्ड नव्हतं. चोर सापडला आणि पुरावा बुडाला. आता दर्शनाचा आणि फार तर शमिकाचा शब्द होता, आणि समोर त्या चित्रातली तिची मुकी पाठ.

“मी तुमच्याशी खोटं बोलले, सर,” उंबऱ्याजवळून आवाज आला.

शमिका उठली होती. रोज संध्याकाळी ती दिवसभराचा आवाज आपल्या लॅपटॉपवर उतरवून ठेवायची. त्या दिवशी सुजयने तिला तो पुसून टाकायला सांगितलं होतं, दर्शनाची अब्रू राखायची म्हणून. तिने पुसला म्हणून सांगितलं, पण पुसला नाही. कोणाला ऐकवायचंही धाडस झालं नव्हतं. तिने माजघरातून लॅपटॉप आणून ओटीवरच्या चटईवर ठेवला.

“परत कुठल्या सेटवर काम मिळणार नाही तुला,” सुजय म्हणाला. आता तो हसत नव्हता.

“माहीत आहे,” शमिका म्हणाली, आणि तिने हेडफोन दर्शनापुढे धरले. पहिला हक्क तिचा, असं तिला वाटलं असावं.

दर्शनाने ते घेतले नाहीत.

“मला कशाला? मी तिथंच होते,” ती म्हणाली. “ह्यांना ऐकवा. मग मी पालशेतकरबाईंबरोबर दापोलीच्या पोलीस ठाण्यात जाणार आहे, तिथे ऐकवीन. आणि ओमकारला सांगायचं ते माझं मी सांगेन.”

शमिकाने हेडफोनची वायर काढली आणि आवाज मोठा केला. आधी नुसती खरखर आली. मग ह्याच ओटीवरची कुजबुज, इतकी स्पष्ट की बोलणारा आताच बोलतोय असं वाटावं. “तिला काही सांगू नकोस. ती काही म्हणाली तरी थांबू नकोस. मी कट म्हणेन तेव्हाच.” गौरवने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मग पावलं, दाराची कडी, खोलीतला पंखा. सुजय खुर्चीचे हात धरून उठायला लागला.

“बसा,” मथुराबाई म्हणाल्या. “ती अजून नको म्हणायची आहे.”